चार वादक, तीन व्याकरणे, एक षड्ज: ‘शक्ती’ हा बँड कसा घडला आणि कसा बदलत गेला

२०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पुरस्कारांची बातमी आली आणि ‘शक्ती’ हे नाव अनेक मराठी घरांत पहिल्यांदाच उच्चारले गेले. ‘धिस मोमेंट’ या अल्बमसाठी ज्या बँडला सर्वोत्तम ग्लोबल म्युझिक अल्बमचा पुरस्कार मिळाला, त्यात तबल्यावर उस्ताद झाकीर हुसेन होते, गायक म्हणून आपल्या चांगल्या ओळखीचे शंकर महादेवन होते, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि दाक्षिणात्य तालवाद्यांवर व्ही. सेल्वगणेश होते, आणि गिटारवर होते ८२ वर्षांचे इंग्रज वादक जॉन मॅक्लॉफ्लिन. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले आणि त्यांच्यावरच्या श्रद्धांजलीच्या लेखांत हे नाव पुन्हा आले. मात्र बहुतेक ठिकाणी त्याची ओळख ‘पूर्व आणि पश्चिम यांचा संगम’ एवढ्या एका वाक्यात उरकलेली होती.

या वाक्याने मुद्दा कळत नाही, उलट झाकला जातो. संगमावर दोन नद्यांचे पाणी आपोआप मिसळते. संगीतात आपोआप काहीही मिसळत नाही. दोन उत्तम वादक एकमेकांची परंपरा न शिकता शेजारी बसले, तर दोघेही चांगले वाजवत असूनही ऐकणाऱ्याला कर्कश गोंधळच ऐकू येईल. हा बँड उभा राहिला तो प्रत्येकाने काहीतरी सोडल्यामुळे आणि दुसऱ्याचे व्याकरण शिष्य होऊन शिकल्यामुळे. ते नेमके कसे घडले, हे समजून घेण्यासाठी संगीताचे शिक्षण लागत नाही. चार-पाच गोष्टी क्रमाने पाहिल्या तरी पुरे.

आधी हे लेबल: ‘वर्ल्ड म्युझिक’ म्हणजे काय?

‘वर्ल्ड म्युझिक’ नावाचे संगीत जगात कुठेही जन्मलेले नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत हा शब्द १९६० च्या दशकापासून ऐकू येत होता, पण बाजारात तो रूढ झाला १९८७ मध्ये. लंडनमधील एका पबमध्ये त्या वर्षी काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसे जमली. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका इथल्या संगीताच्या रेकॉर्ड दुकानात नेमक्या कोणत्या खणात ठेवायच्या हे दुकानदारांना कळत नसे, आणि खण ठरला नाही की माल खपत नसे. म्हणून सर्वांनी मिळून एक पाटी ठरवली. म्हणजे हा शब्द संगीताचा प्रकार सांगत नाही, दुकानातला खण सांगतो.

ग्रॅमीने १९९२ मध्ये या नावाने पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार मिळालेल्या ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बमवरही झाकीर हुसेन आणि घटम्‌वादक विक्कू विनायकराम वाजवत होते (घटम् म्हणजे तालवाद्य म्हणून वाजवला जाणारा मातीचा घडा). पुढे २०२० मध्ये, ‘आमचे ते संगीत आणि उरलेल्या जगाचे ते वर्ल्ड म्युझिक’ असा वसाहतवादी वास त्या नावाला येतो हे मान्य करून ‘ग्लोबल म्युझिक’ असे नामांतर झाले. नाव बदलले, खण तोच राहिला. शक्तीचा जन्म मात्र ही पाटी रूढ होण्याच्या बारा वर्षे आधीचा आहे, म्हणून तिला या लेबलाखाली समजून घेण्यापेक्षा तिच्या माणसांपासून सुरुवात केलेली बरी.

अनेक देशांची माणसे म्हणजे अनेक परंपरा नव्हेत

जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा जन्म १९४२ चा, इंग्लंडच्या यॉर्कशरमधला. जॅझचा थोर ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याच्या १९६९-७० च्या अल्बमवर त्यांनी गिटार वाजवले आणि १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हा स्वतःचा बँड काढला. नाव भारतीय असण्याचे कारण त्यांचे गुरू श्री चिन्मय, ज्यांनी शिष्याला महाविष्णू हे नाव दिले होते. या बँडच्या पहिल्या संचात ढोलावर पनामात जन्मलेला वादक होता, की-बोर्डवर चेकोस्लोव्हाकियाचा, बास गिटारवर आयर्लंडचा आणि व्हायोलिनवर अमेरिकेचा. पाच माणसे, पाच देश. तरीही ते सगळे एकाच भाषेत बोलत होते, कारण पाचही जण जॅझ आणि रॉकच्या व्याकरणात वाढले होते.

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी बँड काढणे तुलनेने सोपे आहे. वेगवेगळ्या व्याकरणांच्या लोकांनी काढणे फार अवघड. शक्तीत देश दोनच होते, इंग्लंड आणि भारत. व्याकरणे मात्र तीन होती: जॅझचे, उत्तरेच्या हिंदुस्थानी संगीताचे आणि दक्षिणेच्या कर्नाटक संगीताचे. आणि आपल्याकडे सहसा विसरले जाते ते हे, की यातली शेवटची दोनही परस्परांना परकी होती. मुंबईत वाढलेला तबलजी आणि मद्रासचा घटम्‌वादक यांना त्या काळी एकाच मंचावर बसण्याचे प्रसंग अगदी क्वचित येत. भारतातल्या दोन परंपरा एकमेकींना भेटल्या त्या न्यूयॉर्कच्या परिसरात, एका इंग्रजाच्या बँडमध्ये. हे मला आजही विलक्षण वाटते, आणि थोडे खटकतेही.

बँडच्या आधीची शिकवणी

याआधी अशा भेटी झाल्या नव्हत्या असे नाही. १९६७ मध्ये पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूइन यांचे एकत्र ध्वनिमुद्रण आले. कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांनी लंडनमध्ये जॅझ आणि रागसंगीताचे दुहेरी पथक उभे केले. उस्ताद अल्लारखाँ यांनी अमेरिकी ढोलवादक बडी रिच याच्याबरोबर एक रेकॉर्ड केली. त्या भेटी मोलाच्या होत्या, पण त्या भेटीच होत्या. पाहुणे आले, आदराने वाजवले आणि आपापल्या घरी गेले. बँड म्हणजे एकत्र संसार.

मॅक्लॉफ्लिन यांनी त्या संसाराआधी काही वर्षे शिकवणी धरली. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठात कर्नाटक संगीत शिकवले जात असे. तिथे डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे ते वीणा शिकले. गिटारवर नाव मिळवलेला माणूस नवशिक्यासारखा वीणेपुढे बसला, ही या सगळ्या कथेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना आहे. त्याच विद्यापीठाच्या वर्तुळात त्यांना तरुण व्हायोलिनवादक एल. शंकर भेटले. झाकीर हुसेन यांच्याशी ओळख त्याआधीच न्यूयॉर्कमध्ये झाली होती. झाकीर तेव्हा विशीत होते आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्या कॅलिफोर्नियातल्या महाविद्यालयात तबला शिकवत होते. मद्रासचे विक्कू विनायकराम घटम् घेऊन आले आणि सुरुवातीच्या संचात मृदंगमवर आर. राघवन होते.

५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवरच्या साउदॅम्प्टन कॉलेजात या पाच जणांची मैफल झाली आणि तिचेच ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी शक्तीचा पहिला अल्बम म्हणून आले. त्यात तीनच रचना आहेत आणि शेवटची जवळजवळ अर्ध्या तासाची आहे. त्यानंतर राघवन बाहेर पडले आणि चौघांचा संच राहिला.

अडचण नेमकी कुठे होती?

पाश्चात्त्य संगीतात सुरावटीखाली ‘कॉर्ड’ वाजत असतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेला तीन किंवा अधिक स्वरांचा गुच्छ. सुरावट तीच राहिली तरी खालचा गुच्छ बदलला की तिचा अर्थ बदलतो. नाटकात नट तेच वाक्य म्हणत असताना मागचा पडदा राजवाड्याचा आहे की स्मशानाचा, यावरून वाक्याचा भाव बदलावा तसे हे आहे. जॅझमध्ये तर हे पडदे भराभर बदलत राहतात आणि त्यांच्यामधून वाट काढण्यातच वादकाचे कसब असते.

रागसंगीतात पडदा एकच असतो. षड्ज, म्हणजे मूळचा ‘सा’, ठरला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही, आणि सगळे नाट्य नटाच्या अभिनयातून, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेतून, स्वराला दिलेल्या हळुवार आंदोलनातून आणि जोरकस गमकातून उभे राहते. आता विचार करा: गायक मारव्याच्या कोमल ऋषभावर हळूच रेंगाळतो आहे आणि नेमक्या त्याच क्षणी गिटारवाल्याने मागे नवा कॉर्ड वाजवला, तर तो ऋषभ एका झटक्यात दुसऱ्याच कुठल्यातरी सप्तकाचा स्वर वाटू लागेल. रागाचे घरच कोसळेल.

हिंदुस्थानी आणि कर्नाटक यांच्यातली अडचण निराळी होती, ती तालाची. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो. धा धिं धिं धा हे बोल ऐकूनच आपण आवर्तनात, म्हणजे तालाच्या फेरीत, कुठे आहोत ते कळते. कर्नाटक संगीतात असा ठेका नसतो. ताल हाताने मोजला जातो, टाळी, बोटे आणि हात उलटा करून, आणि मृदंगम वाजवणारा आवर्तन दाखवत बसण्याऐवजी गायकाच्या ओळीबरोबर तिचे वळण रेखत जातो. थोडक्यात, हिंदुस्थानी मैफलीत घड्याळ तबल्यात टिकटिकत असते, तर कर्नाटक मैफलीत ते श्रोत्याच्या आणि कलाकाराच्या तळहातावर असते. दोघे एकत्र बसले तर टिकटिक कोणी करायची?

तिसरी अडचण अगदी साधी, पण तिच्यातून सुटका नव्हती. तबल्याचा सूर गजऱ्यावर हातोडी मारून आणि गट्टे सरकवून काही प्रमाणात चढवता-उतरवता येतो. घटम् म्हणजे भाजलेला मातीचा घडा. भट्टीतून तो ज्या सुराचा बाहेर आला, त्याच सुराचा जन्मभर राहतो. म्हणून घटम्‌वादक वेगवेगळ्या सुरांचे घडे बरोबर बाळगतो आणि त्या दिवशीच्या षड्जाशी जमणारा घडा मांडीवर घेतो. घड्याचे तोंड पोटाशी दाबून वाजवले की नाद खोल होतो, तोंड मोकळे सोडले की उघडतो, आणि काठावर नखाने वाजवले की टणत्कार निघतो. एवढी विविधता त्या घड्यात आहे, पण त्याचा मूळ सूर कोणासाठीही बदलत नाही. जॅझमध्ये एका गाण्याचा षड्ज एक आणि दुसऱ्याचा दुसरा असणे ही नित्याची गोष्ट. इथे सगळ्यांना घड्याचे ऐकणे भाग होते.

कोणी काय सोडले?

सर्वांत जास्त सोडले ते गिटारने. महाविष्णू ऑर्केस्ट्रात मॅक्लॉफ्लिन प्रचंड आवाजात दोन मानांचे इलेक्ट्रिक गिटार वाजवत. शक्तीत ते मांडी घालून बसले आणि लाकडी, साधे गिटार हाती घेतले. बदलते कॉर्ड त्यांनी जवळजवळ सोडून दिले. पण तेवढ्याने भागत नव्हते. गिटारचे पडदे, म्हणजे मानेवर तारांखाली आडव्या बसवलेल्या पट्ट्या, स्वरांच्या जागा पक्क्या करून टाकतात, आणि मींड तर दोन जागांच्या मधल्या वाटेवर जगते. सतारीत पडद्यावरून तार बाजूला खेचून मींड काढतात, कारण सतारीचे पडदे उंच असतात आणि तारेखाली मोकळी जागा असते. गिटारच्या मानेवर ती जागा नसते.

मग अब्राहम वेक्टर या कारागिराने गिब्सन कंपनीसाठी त्यांच्याकरिता एक निराळे गिटार बनवले. त्याच्या दोन पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेले होते, त्यामुळे बोटाखाली तार मोकळी राहून ती दाबता आणि खेचता येई. शिवाय मुख्य तारांच्या खालून तिरप्या गेलेल्या सात तरफेच्या तारा बसवल्या होत्या. त्या छेडायच्या नसतात. वर तो तो स्वर लागला की त्या आपोआप झंकारतात, आणि वीणा-सतारीसारखी आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, गिटारला मिळते. परंपरा शिकायची म्हणजे शेवटी हातातले लाकूडसुद्धा कोरावे लागते, हे त्या वाद्याकडे पाहिले की पटते.

एल. शंकर यांचे व्हायोलिन या सगळ्यात पुलासारखे होते. वाद्य युरोपचे, पण ते दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुळलेले. वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे डोके पायाच्या घोट्याजवळ टेकवतो आणि दुसरे टोक छातीशी, म्हणजे डावा हात वर-खाली घसरायला मोकळा राहतो. झाकीर यांनी सोडली ती ठेका धरण्याची अखंड जबाबदारी. पुष्कळदा ते घटम्‌प्रमाणे सुरावटीच्या अंगाने वाजवतात, आणि ठेका कधी दोघांपैकी एक धरतो, कधी कोणीच नाही. त्यांना हे तुलनेने सहज साधले असावे, कारण त्यांचे वडील अल्लारखाँ यांना कर्नाटक लयगणिताची ओढ होती आणि ती घरातच मुलाच्या कानावर पडली होती.

तालाची समान भाषा

दोन ताल-परंपरा जुळल्या त्या दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे कोन्नकोल, अर्थात तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची दाक्षिणात्य कला. ‘तक’ म्हणजे दोन, ‘तकिट’ म्हणजे तीन, ‘तकधिमि’ म्हणजे चार, ‘तकिट तकधिमि’ म्हणजे सात. आपल्याकडे तबल्याची पढंत असते तसेच हे. वाद्य कोणतेही असो, बोल म्हणता आले की गणित सांगता येते. गिटारवाल्याला लिहिलेली नोटेशन द्यावी लागत नाही. तोंडाने एकदा म्हणून दाखवले की पुरते.

दुसरी म्हणजे तिहाई. एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा ठोका अचूक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणण्याची युक्ती उत्तरेत आहे आणि दक्षिणेतही आहे, तिथे तिच्या कुळातल्या रचनांना मोरा आणि कोर्वै म्हणतात. ही युक्ती स्वतःच करून पाहा. तीनतालाच्या सोळा मात्रा टाळीवर धरा आणि समेपासूनच सुरुवात करा: ‘तिट, कत, गदि, गन, धा’ या पाच मात्रा, मग एक मात्रा गप्प. पुन्हा पाच, पुन्हा एक गप्प, आणि पुन्हा पाच. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून होतात सतरा, आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. शेवटचा ‘धा’ तिथेच पडतो. मॅक्लॉफ्लिन आणि एल. शंकर वेगाने धावणारी ओळ वाजवत असतात, घटम् आणि तबला दोन वेगळ्या वाटांनी चाललेले असतात, आणि अचानक चौघे एका ठोक्यावर थांबतात, तेव्हा ऐकणाऱ्याला जो चमत्कार वाटतो त्याचा सांगाडा हा एवढाच आहे. आकडे मोठे असतात आणि तुकडे गुंतागुंतीचे, पण तत्त्व तेच.

मग हे सगळे आयत्या वेळी सुचते, की बसवलेले असते?

दोन्ही. ओळख पटवून देणारी सुरावट, तिचे वेगवान जोडतुकडे आणि शेवटच्या तिहाया बसवलेल्या असतात. त्यांच्या मधला बराच भाग प्रत्येकाच्या उपजेचा असतो. ही विभागणी तिन्ही परंपरांना ओळखीची आहे. जॅझमध्ये आधी चाल, मग एकेकाचा स्वतंत्र विस्तार आणि शेवटी पुन्हा चाल, असा क्रम असतो. आपल्याकडे बंदिश आणि विस्तार असतो. या समान सवयीमुळे तिन्ही परंपरांना एका छताखाली राहता आले असे मला वाटते. ज्या परंपरेत प्रत्येक स्वर आधी लिहून ठेवलेला असतो, तिच्याशी हा संसार इतका सहज जुळला नसता.

पहिला संच थांबला, आणि पुढे काय झाले?

१९७७ पर्यंत तीन अल्बम आले आणि त्यानंतर लवकरच हा संच थांबला. इलेक्ट्रिक गिटारसाठी येणाऱ्या श्रोत्यांना जमिनीवर बसून वाजवलेले हे संगीत सहज पचणारे नव्हते, आणि चौघांचीही आपापली वेगळी कामे होती. जवळजवळ वीस वर्षे शक्ती फक्त रेकॉर्डवर राहिली.

१९९७ मध्ये इंग्लंडमधल्या मैफलींसाठी ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने ती पुन्हा जमली, तेव्हा एल. शंकर यांच्या जागी पंडित हरिप्रसाद चौरसिया बासरी घेऊन आले. इथे या बँडचा खरा स्वभाव उघड होतो. एका माणसाची बदली झाली आणि सगळे संगीत बदलले. व्हायोलिनची धारदार, उसळणारी गती जाऊन बासरीचा संथ आलाप आला. त्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणातली एक रचना तासाभराहून मोठी आहे. गिटार, तबला आणि घटम् तेच होते, पण बँड आता हिंदुस्थानी मैफलीच्या चालीने चालू लागला.

पुढच्या बदलात तो पुन्हा दक्षिणेकडे वळला. मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास आले. आंध्रात जन्मलेल्या या कलावंताने लहानपणीच कर्नाटक मैफली गाजवल्या होत्या. मूळच्या मेंडोलिनवर तारांच्या चार जोड्या असतात. त्यांनी इलेक्ट्रिक मेंडोलिनवर पाच एकेरी तारा वापरल्या, कारण जोडतारेवर गमक नीट निघत नाही आणि विजेच्या मदतीशिवाय स्वर फार लवकर विरतो. म्हणजे गिटारला जो प्रश्न १९७५ मध्ये पडला होता, तोच त्यांनी आपल्या वाद्यापुरता स्वतंत्रपणे सोडवलेला होता. विनायकराम यांच्या जागी त्यांचे पुत्र सेल्वगणेश आले. त्यांचे मुख्य वाद्य कंजिरा, म्हणजे लहानशी, एका बाजूने चामडे मढवलेली डफली.

आणि मग शंकर महादेवन आले, आणि या बँडला प्रथमच कायमचा गळा मिळाला. चेंबूरच्या तमिळ घरात वाढलेले, लहानपणी वीणा शिकलेले आणि आपल्या श्रीनिवास खळ्यांकडेही शिकलेले हे गायक दोन व्याकरणे जन्मापासूनच बोलत होते. सप्टेंबर २०१४ मध्ये यू. श्रीनिवास अवघ्या ४५ व्या वर्षी गेले, तेव्हा संच पुन्हा थांबला. २०२० च्या सुमारास गणेश राजगोपालन यांच्या व्हायोलिनसह तो नव्याने उभा राहिला, पण महासाथीमुळे एकत्र बसता येईना. ज्या संगीताचा प्राणच समोरासमोरच्या खुणा आणि नजरा, ते या वादकांनी आपापल्या गावी ध्वनिमुद्रित करून एकमेकांकडे पाठवले. ते जमले, कारण बोलांची भाषा आधीच पक्की होती. ‘धिस मोमेंट’ २०२३ मध्ये आला आणि त्याच वर्षी पन्नाशीचा जागतिक दौरा झाला.

पण ही शेवटी खिचडीच नाही का?

हा आक्षेप मनापासून संगीतावर प्रेम करणारे लोक घेतात, म्हणून तो गंभीरपणे घ्यायला हवा. फ्यूजन या नावाखाली पुष्कळदा तबल्याचा एक ठेका, सिंथेसायझरचा गडगडाट आणि वर कुठलीशी ओळखीची बंदिश एवढेच ऐकायला मिळते. तिथे कोणी कोणाचे काही शिकलेले नसते. त्याला खिचडी म्हणणे योग्यच आहे.

शक्तीच्या बाबतीत कसोटी सोपी आहे: एकेका वादकाकडे वेगळे लक्ष देऊन ऐकावे. तबला पूर्णपणे पंजाब घराण्याच्या वळणाचा आहे. व्हायोलिनची गमके तंजावरच्या रसिकालाही परकी वाटणार नाहीत. कोणीही आपले व्याकरण बिघडवलेले नाही. आणि परक्या वाद्यांविषयी बोलायचे तर आपण मराठी माणसांनी जरा जपून बोलावे. ज्या नाट्यसंगीतावर आपण जीव टाकतो, ते बालगंधर्वांच्या रंगभूमीवर ऑर्गनच्या साथीनेच बहरले.

आणि हे एका गोऱ्या वादकाच्या नावावर कशासाठी?

पहिल्या अल्बमवर मॅक्लॉफ्लिन यांचे नाव बँडच्या नावासोबत ठळकपणे होते, आणि अमेरिकेतली रेकॉर्ड कंपनी त्यांच्याच नावावर माल विकत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या बाजारात विनायकरामांच्या नावाला तेव्हा किंमत नव्हती. ही विषमता खरी आहे. पण संगीताच्या आतली वाटचाल उलट दिशेने झाली, हेही तितकेच खरे आहे. वाद्य बदलले ते इंग्रजाचे, बसण्याची रीत बदलली ती इंग्रजाची, शिकवणी घेतली ती इंग्रजाने. मला या बँडमध्ये खरी उणीव दुसरीच दिसते. पन्नास वर्षांत त्याच्या मुख्य कलाकारांत एकही स्त्री आली नाही. कर्नाटक संगीतात व्हायोलिन आणि वीणा वाजवणाऱ्या, आणि घटम् वाजवणाऱ्याही, उत्तम स्त्रिया होत्या आणि आहेत.

इतकी माणसे बदलली, तर बँड तोच कसा?

घराण्याचे उदाहरण इथे पुरते उपयोगी पडत नाही. घराण्यात एक गायकी पिढीकडून पिढीकडे जाते. शक्तीत गायकी अशी नव्हतीच. पुढे गेल्या त्या कामाच्या रीती: षड्ज हलवायचा नाही, बोल तोंडाने ठरवायचे, घड्याळ कोणाकडे आहे ते आधी सांगायचे. सेल्वगणेश यांनी त्या घरातच घेतल्या, बाकीच्यांनी बसून शिकल्या. सर्व संचांत सारखे राहिले ते दोघेच, मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर. त्यातही उत्तरेच्या ठेक्याला दक्षिणेच्या गणिताशी बांधणारी गाठ झाकीर यांच्या हातात होती. त्यामुळे त्यांच्या जागी दुसरा तयार तबलजी बसवला की झाले, असे होणार नाही. त्या माणसाला आधी काही वर्षे घटम्‌शेजारी बसावे लागेल.

ज्यांना ऐकायला सुरुवात करायची आहे, त्यांनी १९७६ चा पहिला अल्बम घ्यावा आणि तो कामे करता करता न ऐकता एका जागी बसून ऐकावा. पहिल्या वेळी फक्त घटम् ऐकावे. दुसऱ्या वेळी फक्त तबला. तिसऱ्या वेळी मात्रा तळहातावर मोजत जावे, आणि तोच तुकडा दुसऱ्यांदा आला असे वाटताच हात वर उचलून थांबवावा. तिसऱ्यांदा तो येईल आणि हात खाली येईल, तिथे पाचही जण असतील.